आपोआप होणारी दुरुस्ती आणि तिची जबाबदारी



या व्यासपीठावर आजवर संतसाहित्यापासून परराष्ट्र धोरणापर्यंत नाना विषय झाले आहेत. त्या मानाने माझा विषय कोरडा वाटण्याचा संभव आहे. बँक, पतसंस्था, रुग्णालय, वीजबिल केंद्र अशा सर्व ठिकाणी आज डेटाबेस सर्व्हर नावाची व्यवस्था बसली आहे. तिच्यातील सॉफ्टवेअर वेळोवेळी आपोआप बदलले जाते. ते कसे बदलते, कशासाठी बदलते आणि कोणाच्या जबाबदारीवर बदलते, एवढाच विचार मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. जे काही शिकलो ते रात्री बसून, सभासदांच्या तक्रारी समजून घेता याव्यात म्हणून शिकलो. पूर्वी या तक्रारी पगाराच्या, रजेच्या, वरिष्ठांच्या वागणुकीच्या असत. आता खिडकीवर बसणारी कारकून मंडळी निराळेच सांगतात. "कालपर्यंत चालत होते, आज चालेना. कोणी काही केले म्हणावे, तर कोणीच काही केलेले नाही. अपडेट आपोआप झाला. रांगेतल्या लोकांचे बोल मात्र आम्ही खाल्ले." या 'आपोआप' शब्दाची फोड केल्यावाचून त्या कारकुनाला न्याय मिळत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक दप्तर, अनेक खिडक्या

प्रथम ही व्यवस्था समजून घेऊ. आपण पतसंस्थेच्या खिडकीशी उभे राहतो तेव्हा समोरच्या संगणकात आपले खाते असते असे आपल्याला वाटते. ते तेथे नसते. खाती एका मध्यवर्ती यंत्रावर असतात. रीतसर मांडलेल्या नोंदींचे जे दप्तर, त्याला डेटाबेस म्हणतात. ते दप्तर सांभाळणारा आणि विचारील त्याला त्यातील नोंद काढून देणारा जो प्रोग्राम, तो सर्व्हर. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर ही त्यांतील प्रचलित नावे होत. खिडकीवरचा संगणक हा त्याचा क्लायंट, म्हणजे गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाने मागावे आणि सर्व्हरने द्यावे, असा हा व्यवहार आहे.

एकच दप्तर ठेवण्याचे कारण सोपे आहे. एका जोडप्याच्या सामाईक खात्यात पाच हजार रुपये आहेत. नवरा एका शाखेत चार हजार काढतो आणि त्याच मिनिटाला बायको दुसऱ्या शाखेत तीन हजार काढते. दोन ठिकाणी दोन वह्या असत्या तर दोन्ही रकमा दिल्या गेल्या असत्या. दप्तर एक असल्यामुळे सर्व्हर एकाला थांबवतो, दुसऱ्याचे पुरे करतो आणि मग पहिल्याला शिल्लक सांगतो. तो आणखीही एक खबरदारी घेतो. कोणताही फेरफार मूळ वहीत चढविण्याआधी तो एका रोजकीर्दीत लिहून ठेवतो. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना ही रोजकीर्द वाचून तो पुरे झालेले व्यवहार कायम करतो आणि अर्धवट राहिलेले रद्द करतो. या शिस्तीवरच बँकांचा विश्वास उभा आहे.

परंतु या सोयीची दुसरी बाजू आहे. जुन्या गिरणीत एका इंजिनावर लांबलचक शाफ्ट फिरत असे आणि त्यावरून पट्टे घेऊन शेकडो माग चालत. एक माग बिघडला तर एका विणकराचे काम थांबे. शाफ्ट थांबला तर सारे खाते थांबे. क्लायंट-सर्व्हर व्यवस्थेत सर्व्हर हा शाफ्ट आहे. खिडकीवरचा एक संगणक दुरुस्तीसाठी बंद करणे आणि सर्व्हर बंद करणे या एका जातीच्या गोष्टी नव्हेत.

ठिगळ का लावावे लागते

मग चालता सर्व्हर बदलावयाचाच कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर असे की, लाखो ओळींचा प्रोग्राम निर्दोष लिहिणे अजून माणसाला साधलेले नाही. दोष पुढे सापडत जातात. त्यांतील काही दोष असे असतात की त्यांतून बाहेरचा माणूस दप्तरात शिरू शकतो. बनविणारे मग दुरुस्ती प्रसिद्ध करतात. तिला पॅच, म्हणजे शब्दशः ठिगळ म्हणतात. गंमत अशी की, ठिगळ प्रसिद्ध झाले की भोक कोठे आहे हे चोरालाही कळते. त्या दिवसापासून दुरुस्ती लावणारा आणि भोक शोधणारा यांच्यात शर्यत सुरू होते.

ही शर्यत हरल्यावर काय होते ते २५ जानेवारी २००३ रोजी जगाने पाहिले. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील एका दोषातून 'स्लॅमर' नावाचा किडा शिरला. त्याचा आकार होता अवघा ३७६ बाइट, म्हणजे एखाद्या पोस्टकार्डावरील मजकुराएवढा. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना त्याची संख्या दुप्पट होत होती. सुमारे दहा मिनिटांत जगातील बहुतेक दुबळे सर्व्हर त्याने गाठले आणि किमान ७५ हजार यंत्रे बाधित झाली. बँक ऑफ अमेरिकेच्या १३ हजार एटीएम यंत्रांपैकी बहुसंख्य काही काळ पैसे देईनात. सिएटल शहराजवळच्या एका आपत्कालीन मदत केंद्रात संगणक सोडून कागदावर नोंदी घ्याव्या लागल्या. आणि या दोषावरील ठिगळ जुलै २००२ मध्ये, म्हणजे सहा महिने आधीच निघालेले होते. पण ते लावणे त्या काळी किचकट होते. शिवाय दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रामच्या पोटात हा सर्व्हर आपल्या यंत्रावर बसला आहे, हेच अनेकांना ठाऊक नव्हते.

पुढे १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर किड्याने ब्रिटनमधील सरकारी रुग्णालये गाठली, रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. त्यावरील दुरुस्ती १४ मार्चलाच प्रसिद्ध झालेली होती. माणसांच्या हातून हे काम वेळेवर होत नाही, तेव्हा ते यंत्रानेच करावे, हा विचार अशा अनुभवांतून बळावला. त्यात तथ्य आहे, हे मी आधीच मान्य करून टाकतो. जो कोणी आपोआप होणारी दुरुस्ती सरसकट बंद करा म्हणतो, त्याने स्लॅमरचे उत्तर दिले पाहिजे.

रात्री नव्हे, साडेअकराला

आता 'आपोआप' म्हणजे नेमके काय घडते ते पाहू. सर्व्हरच्या यंत्रात एक घड्याळ लावलेले असते. ठरल्या वेळी यंत्र बनविणाऱ्याच्या भांडाराला विचारते, नवे काही आहे काय? असेल तर उतरवून घेते, त्यावरची डिजिटल सही तपासते, जुन्या फायली काढून नव्या ठेवते. पण एवढ्याने काम पुरे होत नाही. चालू असलेला प्रोग्राम स्मृतीत जुनाच राहतो. नवा अंमलात यावयाचा तर सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो. त्या क्षणी सर्व खिडक्यांच्या जोडण्या तुटतात आणि अर्धवट व्यवहार रद्द होतात. सारे सुरळीत असेल तर हे काही सेकंदांत आटोपते. पण ते सेकंद कोणत्या वेळचे, याला महत्त्व आहे.

उबंटू ही सर्व्हरसाठी फार वापरली जाणारी प्रणाली आहे. तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप लावण्याची व्यवस्था असते आणि तिची ठरलेली वेळ सकाळी ६ ते ७ च्या दरम्यानची असते. सहा वाजता कचेरीत कोण असते? म्हणून ही वेळ निरुपद्रवी वाटते. पण पुष्कळ सर्व्हरांची घड्याळे भारतीय वेळेवर नसून जागतिक प्रमाणवेळेवर लावलेली असतात. त्या घड्याळात सकाळचे सहा म्हणजे आपले साडेअकरा! खिडक्यांवर रांगा भरलेल्या असतात तीच ही वेळ. यात कोणाचा दुष्टावा नाही. घड्याळ कोठले आहे हे कोणी पाहिले नाही, इतकेच.

अशा वेळी कारकुनाच्या हाती काय राहते ते सांगतो. एका संस्थेत, नाव सांगण्याचे कारण नाही, एका बाईंनी खिडकीवर रक्कम भरली. आमच्या सभासदाने जमा करण्याची कळ दाबली आणि पडदा गोठला. पावती निघाली नाही. थोड्या वेळाने पडदा हलला तेव्हा त्याने पुन्हा कळ दाबली आणि पावती निघाली. संध्याकाळी ताळेबंद जुळेना, तेव्हा एकच भरणा दोनदा जमा झाल्याचे दिसले. सर्व्हरने पहिली नोंद पुरी केली होती, परंतु 'झाले' हा निरोप खिडकीपर्यंत पोचण्याआधी जोडणी तुटली होती. व्यवस्थापनाने कारकुनाला निष्काळजीपणाबद्दल मेमो दिला. संघटनेने मागणी केली ती एकाच गोष्टीची: सर्व्हरची त्या दिवसाची नोंद दाखवा. त्या नोंदीत सर्व्हर अकरा चाळीसला थांबून पुन्हा सुरू झाल्याचे स्पष्ट होते. मेमो मागे घेण्यात आला.

या प्रकरणात एक तांत्रिक धडाही आहे. चांगल्या रचनेत प्रत्येक व्यवहाराला खिडकीवरच एक स्वतंत्र क्रमांक दिला जातो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर ओळखतो की ही जुनीच मागणी आहे, आणि नवी नोंद न करता आधीचेच उत्तर परत देतो. असे असते तर त्या कारकुनाने कळ दहादा दाबली असती तरी बिघडले नसते. दोष बोटाचा नव्हता, रचनेचा होता.

लहान बदल आणि मोठा बदल

सर्वच बदल सारखे नसतात, हा भेद ध्यानात घेतला पाहिजे. पोस्टग्रेसचे उदाहरण घेऊ. २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून त्याच्या आवृत्तीला दोन आकडे असतात. पुढचा आकडा वर्षातून एकदा बदलतो, तो मोठा बदल. मागचा आकडा साधारणपणे तीन महिन्यांनी बदलतो, तो लहान बदल. लहान बदलात दोष काढलेले असतात, पण दप्तराची मांडणी तीच राहते. फायली बदलून सर्व्हर पुन्हा सुरू केला की झाले. मोठ्या बदलात मांडणीच बदलू शकते. तेव्हा सारे दप्तर नव्या मांडणीत न्यावे लागते, त्यासाठी स्वतंत्र साधने असतात आणि ते काम बेताने करावे लागते.

काही बदल एकाच दिशेने उघडणाऱ्या दारासारखे असतात. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीवरून ८.० वर गेलेले दप्तर जसेच्या तसे मागे आणता येत नाही, पूर्वी घेतलेली प्रतच परत चढवावी लागते. त्याच ८.० आवृत्तीने २०१८ साली पासवर्ड तपासण्याची ठरीव पद्धत बदलली. ती पद्धत ठाऊक नसलेल्या जुन्या क्लायंटांना जोडणीच मिळेना. सर्व्हर शहाणा झाला आणि खिडक्या अडाणी राहिल्या! म्हणून सर्व्हर बदलताना त्याच्याशी बोलणारे प्रत्येक गिऱ्हाईक कोणते, याची यादी हाताशी हवी.

सर्वांत फसवा बदल तो, की ज्यात सर्व्हरला कोणी हातही लावलेला नसतो. आपल्या मराठी कोशांचेच पाहा. काही कोशांत 'क्ष' हा 'क' मध्ये सापडतो, तर काहींत अगदी शेवटी, 'ळ' च्या पुढे. समजा, ग्रंथालयातील सूचीपत्रे एका रीतीने लावलेली आहेत आणि नव्या ग्रंथपालाला दुसरी रीत ठाऊक आहे. तो 'क्षितिज' हे पुस्तक शेवटच्या खणात शोधील आणि नाही म्हणून सांगेल. पुस्तक कपाटात आहे, पत्रही खणात आहे, तरीही ते 'नाही'. पुढे तो त्याच पुस्तकाचे दुसरे पत्र करून ठेवील. डेटाबेसमध्ये अशी सूचीपत्रे असतात, त्यांना इंडेक्स म्हणतात. अक्षरक्रम कोणता धरावयाचा हे पोस्टग्रेस पुष्कळदा खालच्या प्रणालीच्या एका ग्रंथागाराला विचारतो. लिनक्समधील त्या ग्रंथागाराची २.२८ ही आवृत्ती २०१८ साली आली आणि तिने हा क्रम बदलला. ज्यांनी खालची प्रणाली बदलली पण इंडेक्स नव्याने बांधले नाहीत, त्यांच्याकडे असलेल्या नोंदी सापडेनाशा होण्याचा आणि एकदाच असावयाच्या नोंदी दोनदा शिरण्याचा धोका उभा राहिला. यात सर्व्हर बंद पडत नाही, घंटा वाजत नाही. चूक मुकाट्याने साचत जाते.

तीन प्रकरणे

आता कोणी म्हणेल, यंत्रावर विश्वास नको, माणसाच्या हातूनच सर्व करवून घ्या. त्यांनी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीची हकिगत ऐकावी. तिच्या आठ सर्व्हरांवर नवा प्रोग्राम चढवावयाचा होता. काम हाताने झाले आणि एक सर्व्हर राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच सात सर्व्हर नव्या रीतीने आणि एक जुन्या रीतीने वागू लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. पुढे अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०१३ साली कंपनीला १ कोटी २० लाख डॉलर दंड केला. आयोगाच्या आदेशातील एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. ज्या तंत्रज्ञाच्या हातून एक सर्व्हर राहिला, त्याच्यावर सारे ढकलून आयोग थांबला नाही. दुसऱ्या माणसाने काम तपासावे असा लेखी नियमच कंपनीत नव्हता, यावर त्याने बोट ठेवले.

दुसरे प्रकरण आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष अनुभवले असेल. १९ जुलै २०२४ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या पहारेकरी सॉफ्टवेअरची एक छोटी माहिती-फाइल जगभर पाठविली. ती सर्व्हरवरही गेली आणि खिडक्यांवरच्या संगणकांवरही. त्या फाइलीला एकवीस रकाने अपेक्षित होते, प्रोग्राम पुरवीत होता वीस. यंत्रे कोसळली आणि पुन्हा उभीच राहीनात. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे बाधित झाली होती. पडलेल्या यंत्राला दूरवरून दुरुस्ती पोचेना, म्हणून बहुतेक ठिकाणी माणसाला जागेवर जावे लागले. आपल्याकडील विमानतळांवर त्या दिवशी कर्मचाऱ्यांनी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. यातील एक बाब विशेष आहे. पुष्कळ संस्थांनी मुद्दाम एक आवृत्ती मागे राहण्याचे धोरण ठेवले होते. पण ते धोरण मुख्य प्रोग्रामपुरते होते, या माहिती-फाइलींना ते लागू नव्हते. ब्रेक बसविला होता, पण या चाकाला नव्हे.

तिसरे प्रकरण आपल्या दाराशी येऊन गेलेले आहे. युक्रेनमध्ये हिशेब आणि कराच्या कामासाठी एम. ई. डॉक नावाचे सॉफ्टवेअर सर्रास वापरले जाते. २०१७ साली हल्लेखोरांनी ते बनविणाऱ्या कंपनीचा अपडेट पुरविणारा सर्व्हरच ताब्यात घेतला आणि दुरुस्तीच्याच वाटेने विष पाठविले. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या नावाने ते फुटले. मर्स्क या जहाज कंपनीला पुढे सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. तिच्याच समूहाकडे चालविण्यास असलेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल ठप्प झाले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरवरील विश्वास आणि उरणच्या किनाऱ्यावर खोळंबलेले कंटेनर, यांत अंतर एवढेच उरले होते.

स्लॅमरमध्ये दुरुस्ती लावलीच नाही म्हणून अनर्थ झाला. नाइट कॅपिटलमध्ये हाताने लावली, ती अपुरी राहिली म्हणून झाला. क्राउडस्ट्राइकमध्ये आपोआप, सर्वांना एकदम लावली म्हणून झाला. एम. ई. डॉकमध्ये दुरुस्तीची वाटच बाटली होती. तेव्हा 'यंत्र की माणूस' हा वादाचा खरा मुद्दा नव्हे. क्रम कोणी ठरविला, थांबविण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि उत्तर कोण देणार, हा खरा मुद्दा होय.

करावयाचे काय

शहाण्या संस्था काय करतात ते थोडक्यात सांगतो. ही यादी आपल्या पतसंस्थेच्या, गृहनिर्माण संघाच्या किंवा शाळेच्या वार्षिक सभेत प्रश्न विचारण्यास उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, सुरक्षेचे लहान बदल आपोआप होऊ द्यावेत, पण ठरवून दिलेल्या वेळीच. ती वेळ सर्व्हरच्या घड्याळात नव्हे, कचेरीच्या घड्याळात मोजावी. पगाराचा दिवस, मार्चअखेर, परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख वर्ज्य मानावी. सर्व्हर भाड्याने घेतला असला तरी दुरुस्तीची वेळ निवडण्याची सोय बहुधा असते. आपण निवडली नाही तर ती दुसरा कोणी निवडतो.

दुसरी गोष्ट, मोठा बदल कधीही आपोआप होऊ देऊ नये. त्याची रंगीत तालीम आधी वेगळ्या यंत्रावर, दप्तराची प्रत घेऊन करावी आणि खिडकीवरची रोजची कामे तेथे करून पाहावीत. ही तालीम खिडकीवर बसणाऱ्यांनीच करावी. कोणती कळ दिवसातून दोनशे वेळा दाबली जाते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट, जोडीचा सर्व्हर असेल तर आधी दुय्यम बदलावा, तो एक-दोन दिवस नीट चालतो असे पाहून मग मुख्य बदलावा.

चौथी गोष्ट राखीव प्रतीची, म्हणजे बॅकअपची. प्रत घेतली एवढ्यावर भागत नाही, ती परत चढवून पाहिली पाहिजे. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका थकलेल्या अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचे दप्तर पुसले गेले. प्रती ठेवण्याच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही धड कामी येईना. त्यांतील एकीचे कारण आपल्या विषयाशी निगडित आहे. सर्व्हर ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारे साधन ९.२ चे. साधन रोज अपयशी होत होते आणि त्याची सूचना देणाऱ्या ई-मेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. अखेर दुसऱ्या कामासाठी सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून बाकीचे वाचले. कंपनीने सारी हकिगत लपविली नाही, जगापुढे मांडली. माझे हे उदाहरणही त्यामुळेच तुम्हाला सांगता आले.

पाचवी गोष्ट, दुरुस्तीची एक वही असावी. कोणती आवृत्ती गेली, कोणती आली, किती वाजता, कोणाच्या मान्यतेने, आणि बिघडल्यास मागे जाण्याचा मार्ग कोणता, एवढे तीत असावे. आणि सकाळी खिडकी उघडण्यापूर्वी कारकुनांना सांगावे की रात्री बदल झाला आहे, अमुक वेगळे दिसेल, अडले तर अमुक व्यक्तीला बोलवा. कागदी पावतीपुस्तकही खणात असू द्यावे.

उत्तर देणारा माणूस

शेवटी माझ्या धंद्याचे दोन शब्द. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी जो प्रदीर्घ संप केला, त्यात एका विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत काय, हा एक मोठा प्रश्न होता. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी यांत्रिकीकरणाबद्दल करार केला, तेव्हा यंत्रे कोठे आणि किती, हा प्रश्न होता. या दोन्ही वेळी आम्ही विचारले, यंत्र आल्यावर किती हात उरतील? तो प्रश्न आजही संपलेला नाही. पण त्याच्या शेजारी दुसरा उभा राहिला आहे. ज्या कामाला कोणाचाच हात लागलेला नाही, त्याचा दोष कोणाच्या हातावर ठेवणार? उत्तर ठरलेले नसेल तर तो दोष उतारावरच्या पाण्यासारखा खाली येतो आणि खिडकीवर बसलेल्या माणसापाशी साचतो. दूरच्या कंपनीला रांग दिसत नाही, व्यवस्थापकाला केबिनचे दार असते, कारकुनाला मात्र काचेतले भोकच असते.

'आपोआप' हा शब्द म्हणून मी जपून वापरतो. घड्याळ कोणीतरी लावलेले असते. ते न पाहता चालू ठेवण्याचा निर्णयही कोणीतरी घेतलेला असतो, मग तो न बोलता घेतलेला का असेना. रात्रपाळीला एक जाणता माणूस ठेवावा, त्याला त्या पाळीचा मोबदला द्यावा आणि 'थांबवा' म्हणण्याचा अधिकार द्यावा, ही मागणी यंत्राच्या विरुद्ध नाही. शाफ्ट फिरत असताना कोणी तरी त्याच्याकडे लक्ष ठेवलेच पाहिजे, एवढेच ती सांगते.

आपण सर्वजण कोठल्या ना कोठल्या खिडकीशी उभे राहतो. पुढच्या वेळी आतून उत्तर आले की 'सर्व्हर डाउन आहे', तर समोरच्या माणसावर रागावू नये, ही माझी विनंती. राग जरूर ठेवावा, पण तो वार्षिक सभेपर्यंत जपून न्यावा आणि तेथे अध्यक्षांना विचारावे: दुरुस्तीची वही कोठे आहे, आणि तिच्यावर सही कोणाची आहे?